दोन-सहा

इन्व्हेंतारच्या कागदावर आमची नावे
एकाखाली एक होती.
सावईवेऱ्याचे घर, तीस माड, विहिरीचा अर्धा हक्क,
आणि शेवटच्या पानावर
वेगवेगळ्या शाईतल्या दोन सह्या.
त्यानंतर शालन माझ्याशी सात वर्षे बोलली नाही.
मीही नाही.
हे आधी लिहायला हवे होते.

मग एका मंगळवारी, भर दुपारी,
तिची मयुरा स्कूटरवरून आली
आणि हेल्मेट न काढताच म्हणाली,
"मामा, चुडो तुझ्या घरांतच भरपाचो."
मी म्हटले, घर कुठे आहे?
हा फोंड्यातला भाड्याचा फ्लॅट,
दुसरा मजला, लिफ्ट नाही,
बसायच्या खोलीत माझीच खाट.
ती म्हणाली, भटांच्या यादीत लिहिलेय:
चुडा, मामाकडे.
मजला लिहिलेला नाही.

मीही यादी केली, लाइटबिलाच्या पाठीवर.
कांकणकार शाणू, फोन दोनदा करणे.
पाट एक. गालिचा आणि समई शेजारच्या कामतीणबाईंची.
ओवाळायलाही त्याच.
आबोलीच्या वेण्या बावीस.
गोड सांजा, केळी, चहा, कप मागून आणणे.
नारळ अकरा.
विकतचे.

बायका आल्या तेव्हा चपला
दारापासून खालच्या वळणापर्यंत गेल्या होत्या.
शाणूने मयुराचा हात मांडीवर घेतला,
बोटांची हाडे अशी एकत्र मिटवली
जणू पत्र घडी करून पाकिटात घालतोय,
आणि बांगडी सरकवली.
हिरवी, हिरवी, मध्येच पिवळी.
डाव्या हाताला एक जास्त.
का, ते त्यालाही माहीत नाही,
वडील भरायचे म्हणून तो भरतो.

नववी चढताना कट् झाले.
गालिच्यावर काचेचे दोन तुकडे,
मयुराच्या अंगठ्याशी रक्ताचा ठिपका.
माझ्या तोंडून "फु..." एवढेच निघाले
आणि दारातून, चपलांच्या बाजूने,
कुणीतरी मला अडवले:
"वाढली म्हण."

आईसुद्धा असेच टोकायची.
आमच्या घरात कधी काही फुटले नाही, संपले नाही.
बांगडी वाढायची, कुंकू वाढायचे,
बाबा गेले त्या दिवशी
तिचे मंगळसूत्रही वाढले.
कोर्टाला हा शब्द ठाऊक नव्हता.
तिथे घराचे सरळ दोन भाग झाले.

चुड्याचा खर्च मामाचा,
आणि आलेल्या प्रत्येकीच्या हातात दोन-दोन बांगड्या, त्याही मामाच्याच.
कामतीणबाई झाल्या, मयुराच्या आत्या झाल्या,
वरच्या मजल्यावरची, नुसती बघायला आलेली मुलगीही झाली.
शालन उंबऱ्याशीच बसली होती,
अर्धी आत, अर्धी जिन्यात.
शाणूला आमचे काही माहीत नाही.
त्याने मान वर करून विचारले, "हांचें माप?"

"दोन-सहा," मी म्हणालो.
बाल्कनीतल्या सिलिंडरकडे बघत म्हणालो.
मला कुणी विचारले नव्हते.

शालनने दोन्ही हात पुढे केले.
मनगटे आईची झाली होती.
"आता दोन-आठ," ती म्हणाली,
शाणूलाच म्हणाली,
आणि त्याने पेटीचा खालचा कप्पा उघडला.

निघताना तिने स्वयंपाकघरात डोकावून पाहिले.
"नारळ विकत आणलेस?"
हो.
"कितीला पडला?"
मी खरा भाव सांगितला. ती काही बोलली नाही,
पण सोललेल्यांतला एक उचलून
कानाशी हलवून पाहिला,
पाणी आहे की नाही.

जिना उतरताना तिचे हात वाजत होते,
पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू येत होते.
मग खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली.